‘काही लागलं तं सांगा’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं? जोडीदाराच्या शेवटच्या आजारात घर सांभाळताना

माझ्या घरचीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. फाल्गुनात डॉक्टर म्हणाले, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ ती पौषात गेली. ते दहा महिने आमच्या ओसरीवर रोज कोणीतरी यायचं. चहा व्हायचा, आणि उठताना प्रत्येक जण म्हणायचा, ‘भाऊ, काही लागलं तं सांगा.’ मी म्हणायचो, ‘नाही, काही नाही. तुमी आले हेच लय झालं.’ ते गेले की मोरीत भिजत पडलेल्या चादरींकडे बघत बसायचो.

दोन महिने असेच गेले. मग एका सकाळी शेजारच्या काकू आल्या, काही न विचारता पदर खोचला, चादरी उचलल्या आणि हौदावर गेल्या. त्या दिवशी मला कळलं की गावात माया भरपूर आहे, पण तिला हातात धरायला काम हवं असतं. काम सांगायचं राहतं ते आपल्याकडून.

मी वर्धा जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे, डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बाकी जे शिकलो ते क्रमाने लिहितो. आजार कर्करोगाचा नसला, किडनीचा, हृदयाचा, लिव्हरचा असला, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

१. दवाखान्यातून निघण्याआधी

‘घरी न्या’ हे शब्द ऐकले की माणूस सुन्न होतो आणि सामान बांधायला लागतो. तसं करू नका. एका कागदावर चार प्रश्न लिहा आणि उत्तरं लिहून घ्या. दुखलं तर काय द्यायचं? रात्री-बेरात्री बिघडलं तर फोन कोणाला करायचा? पुढे काय काय होऊ शकतं? आणि पॅलिएटिव्ह विभाग इथे आहे का?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होत नसला तरी दुखणं, उलट्या, दम, जखम, मनाची तगमग यांवरचे उपचार. ‘आता करण्यासारखं काही नाही’ असं कोणी म्हटलं तर ते आजाराबद्दल खरं असेल, माणसाबद्दल नाही. करण्यासारखं शेवटच्या दिवसापर्यंत असतं. सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत तो विभाग चालतो. आपल्या भागात नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे चौकशी करता येते. गावच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईला पहिल्याच आठवड्यात घरी बोलवा आणि कागदपत्रं दाखवा. ड्रेसिंग, लघवीची नळी, रक्तदाब यासाठी दर वेळी गाडी करून शहर गाठावं लागत नाही.

खर्चाचंही तिथेच विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. योजनेचा फोन 155388. मुंबईला जावं लागलं तर कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्यावा लागतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते.

२. आधी दुखणं आवरा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दुखणं थांबल्याशिवाय बोलणं, जेवण, देवाचं नाव, काहीच सुचत नाही. रुग्णालाही नाही आणि आपल्यालाही नाही.

दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहात किती दुखतं? माझ्या घरचीला ते जमेना. मग आमची म्हातारी आत्या म्हणाली, ‘तिले आण्यात इचार.’ ‘सोळा आण्यातून किती दुखते?’ म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, ‘बारा आणे.’ मी एक शंभर पानी वही सुतळीने खुंटीला टांगली. वेळ, किती आणे, कोणती गोळी, त्यानंतर किती आणे, एवढंच त्यात लिहायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं वाचली आणि गोळ्या बदलल्या. माझ्या तोंडच्या ‘लय दुखते जी’पेक्षा त्या वहीने जास्त सांगितलं.

साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर डॉक्टर मॉर्फिन देतात. गावात त्याची भीती फार आहे. नशा लागेल, माणूस लवकर जाईल, असं लोक म्हणतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशेबाने घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही आणि योग्य प्रमाणात त्याने मरण लवकर येत नाही. 2014 मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते देणं सोपं झालं आहे. साध्या मेडिकलवर मात्र ते मिळत नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढची सोय करा.

घरी पाळायच्या गोष्टी अशा. गोळी घड्याळाने द्या, दुखायची वाट बघू नका. मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास टिकते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या वेळा मोबाइलच्या गजरात लावा. मधेच कळ आली तर जादा मात्रा किती द्यायची, हे आधीच विचारून ठेवा. मॉर्फिनने शौचाला खडा होतोच, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू हवं. आम्ही ते विसरलो आणि सहा दिवस तिचे जे हाल झाले ते मला अजून आठवतात. सुरुवातीचे दोन-चार दिवस मळमळ आणि गुंगी येते, मग बहुधा ओसरते. हलवून जाग येत नसेल किंवा श्वास फार मंद झाला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आणि गोळ्या कुलपात ठेवा, घरात लेकरं असतात.

३. खरं सांगायचं की नाही

आमच्या घरी सगळ्यांनी ठरवलं होतं, तिला कळू द्यायचं नाही. मी तिच्यासमोर हसायचो आणि कोठ्यात जाऊन रडायचो. एका रात्री लाइट गेली होती, मी पंख्याने वारा घालत होतो. अंधारातच ती म्हणाली, ‘मले सारं समजते. तुमी कायले लपवता?’ त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. पोरीच्या लग्नाचं, माहेरच्या बांगड्यांचं, मी आडवा पडलो तर चहा कोण करेल याचं.

रुग्णाला बहुधा माहीत असतं, आणि आपण लपवल्यामुळे तो एकटा पडतो. पण अंगावर फेकल्यासारखंही सांगू नये. आधी विचारा, ‘डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचं आहे का?’ नको म्हणाली तर तिथेच थांबा आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. हो म्हणाली तर तिच्याच शब्दांत, थोडं थोडं सांगा. मग पुढचं विचारा: शेवटी दवाखान्यात राहायचं की घरी? कोणाला भेटायचं आहे? कशाची भीती वाटते? माझ्या घरचीला मरणाची भीती नव्हती, दुखण्याची होती. ते कळल्यामुळे मला तिला वचन देता आलं.

नको त्या नळ्या, व्हेंटिलेटर नको असं रुग्णाचं ठाम मत असेल तर ते लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं.

४. कामांची यादी, आणि नावं

काकूंनी चादरी धुतल्या त्या रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवड्याची सगळी कामं लिहिली. दुसऱ्या दिवसापासून ‘काही लागलं तं सांगा’ म्हणणाऱ्याला मी तो कागद दाखवायला लागलो. पहिल्यांदा फार जड गेलं, मान वर होईना. पण कोणीही नाराज झालं नाही. उलट माणसं मोकळी झाली, कारण त्यांनाही काय करावं सुचत नव्हतं.

काम नेमकं सांगावं. ‘कधीतरी येत जा’ असं म्हटलं तर कोणी येत नाही. ‘बुधवारी दुपारी दोन ते चार तिच्याजवळ बसशील का, मी झोपतो’ म्हटलं तर येतात. आमच्याकडे असं ठरलं होतं: मोटारसायकलवाला पुतण्या पंधरा दिवसांनी औषधं आणायचा. बचत गटातल्या दोघी जणी दिवसाआड अंघोळ घालायच्या, कारण तिला माझी नाही पण सुनेची लाज वाटायची. बैलांचं वैरणपाणी शेजारच्या वावरवाल्याकडे. नातेवाइकांच्या फोनला उत्तर देणं भाच्याकडे, म्हणजे मला दिवसातून वीस वेळा तेच तेच सांगावं लागलं नाही. रविवारची भाकरी एका घरून यायची. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की दहा मिनिटं अंगणात भजन म्हणायची. ती आतून ऐकायची, आणि थकली असेल तर भाचा बाहेर जाऊन हात करायचा, ते थांबायचे.

जे मदतीला आले त्यांचं नाव वहीत लिहा. हिशेब ठेवण्यासाठी नाही. रात्री दोन वाजता आपलं कोणी नाही असं वाटतं तेव्हा ते पान उघडायला बरं असतं.

काही जण दुखावूनही जातात. कोणी करणीचं काढतं, कोणी बाबाचा पत्ता देतं, कोणी तिच्याच समोर पदर डोळ्याला लावून ‘कशी होती अन् कशी झाली’ म्हणतं. प्रत्येकाशी वाद घालायला आपल्यात ताकद नसते. माझं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘आमचं डॉक्टरांशी ठरलं आहे. तुम्ही तिच्याशी पिकापाण्याच्या गोष्टी करा, तिला आवडते.’ आणि दुपारी एक ते चार भेटायची मनाई होती, ती पाळायचं काम आत्याकडे होतं.

५. अंथरूण, जखम, ऊन

झोळ पडलेली बाज शेवटच्या आजाराला चालत नाही. सपाट दिवाण, वर गादी, जमलं तर एअर बेड. दर दोन तासांनी कूस बदला. चादरीची सुरकुतीही कातडीला काचते, ती ताणून घ्या. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. लाल झालेली जागा चोळू नका. लाइट गेली की एअर बेडचा पंप बंद पडतो, तेव्हा हातानेच कूस बदलण्याची सवय ठेवा.

पडलेल्या माणसाला वळवायचं तर त्याच्याखाली आडवी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून वळवा. हात धरून ओढायचं नाही. आशाताईने हे दाखवलं आणि माझी कंबर वाचली.

वासाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. या आजारात अंगावरून घाण पाणी जातं, तोंडाच्या कर्करोगात जखमेला वास येतो, आणि माणूस त्या शरमेनेच लोकांना भेटणं सोडतो. आपल्याकडे खर्र्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणामुळे, तोंडाचे रुग्ण किती आहेत हे सांगायला नको. यावर मेट्रोनिडाझोल हे औषध चालतं. गोळी पोटातून घ्यायची की कुटून जखमेवर टाकायची, हे डॉक्टर सांगतात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ टाकून जखम धुता येते. खाटेखाली न पेटवलेल्या लाकडी कोळशाचं टोपलं ठेवलं तर वास कमी होतो. उदबत्तीचा धूर करू नका, दम लागतो. रक्त जाण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल आणि चादरी जवळ ठेवा. पांढऱ्या कपड्यावर थोडं रक्तही खूप दिसतं आणि सगळे घाबरतात.

वैशाखात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. कुलरचा झोत सरळ अंगावर नको, पायाकडून येऊ द्या. लाइट नसेल तेव्हा खिडकीला ओलं लुगडं बांधा. दम लागत असेल तर उशांना टेकवून बसवा आणि तोंडावर हातपंख्याने हलका वारा घाला, याने खरंच बरं वाटतं.

तोंड कोरडं पडतं. ओल्या मऊ फडक्याने दर दोन-तीन तासांनी पुसा, ओठांना तूप लावा.

६. जेवणाचा आग्रह

भूक मरणं हा आजाराचाच भाग आहे. शेवटच्या टप्प्यात शरीराला अन्न पचवताच येत नाही, बळेच भरवलं तर उलटी होते किंवा ठसका लागतो. तुम्ही भरवत नाही म्हणून ती जात नाहीये, ती जात आहे म्हणून जेवत नाहीये. हे मला एका नर्सताईने सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन चमचे आंबील, ताक, मुगाचं पाणी, मागेल ते आणि मागेल तेव्हा. नाकातून नळी असेल तर डोकं उंच ठेवूनच भरवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा ती काही खात नव्हती. तरी म्हणाली, वावरातून ओल्या शेंगा आणा. मी आणल्या. तिने सूप मांडीवर घेतलं आणि बसल्या बसल्या मूठभर सोले सोलले. एकेक शेंग सोलायला तिला मिनिट लागत होतं. सुनेने त्याची आमटी केली, आम्ही सगळे तिच्या खोलीत बसून जेवलो, ती बघत होती. तिला खायचं नव्हतं, खाऊ घालायचं होतं.

७. आणि तुम्ही

झोप हे पहिलं औषध. रात्रीच्या पाळ्या लावा, आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या खोलीत झोपा. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्याच वहीत लिहा.

राग येतो. एका पहाटे तिसऱ्यांदा चादर बदलताना मी तिच्यावर खेकसलो. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर जाऊन बैलाजवळ उभा राहिलो, मग परत आलो, पाय धरले आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘थकले तुमी, झोपा जरा.’ असं तुमच्याही हातून होईल. होईल तेव्हा दहा मिनिटं बाहेर जा, माघारी या आणि माफी मागा. जीव नकोसा झाला, नीट विचारच होईना, तर 14416 वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि सेवेच्या नादात नवरा-बायको असणं विसरू नका. वेणी घालायला मी पन्नाशीनंतर शिकलो. पहिली वेणी दोरखंडासारखी झाली होती. पुढे रोज सकाळी खोबरेल तेल लावून मी तिची वेणी घालायचो. औषधाची, दुखण्याची गोष्ट त्या वेळात काढायची नाही असं आमचं ठरलं होतं.

८. कागद

हे बोलणं नकोसं वाटतं, पण शुद्धीत असतानाच उरका. बँकेचं नॉमिनी, बचत गटाचा हिशेब, कर्ज, विमा. पासबुकात वर्षाला 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, तिचे वारसाला 2 लाख मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग, पक्षाघात अशा आजारांच्या गरीब रुग्णांना महिन्याला 1500 रुपये मिळतात, अर्ज तहसीलमध्ये. आजारी नवरा असेल आणि जमीन त्याच्या एकट्याच्या नावे असेल, तर त्याच्या हयातीतच तलाठ्याकडे लक्ष्मी मुक्ती योजनेचा अर्ज करा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. माझ्या चुलत बहिणीचं हे राहून गेलं आणि दिरांच्या दारी तिने चार वर्षं काढली.

९. शेवटचे दिवस

झोप वाढते, पाणीही नको होतं, हातपाय गार आणि निळसर पडतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. घरघर ऐकवत नाही, पण रुग्णाला तिचा बहुधा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, डॉक्टरांकडे त्याचं औषध असतं. या वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. गंगाजल द्यायचं असेल तर बोटाने ओठांना लावा. ऐकू बराच वेळ येत असावं असं डॉक्टर सांगतात, म्हणून उशाशी बसून रडारड किंवा वाटणीची चर्चा नको. नाव घेऊन बोला, हात धरा.

घरीच राहायचं ठरलं असेल तर ऐन वेळी कोणी घाबरून 108 ला फोन करू नये, यासाठी ठरलेलं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. गेल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला घ्या आणि ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत नोंद करा. पुढची सगळी कामं त्या दाखल्यावर अडतात.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. तेव्हा काकूंना मी स्वतःहून सांगितलं, ‘महिनाभर संध्याकाळी चहाला येत जा.’ त्या आल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून रुग्णालयात परत दिल्या. एअर बेड धुऊन उन्हात वाळवला. चैत्रात पलीकडच्या गल्लीतला एक जण आला, त्याच्या घरचीचंही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. बेड त्याच्या घरी नेऊन लावला, आडवी चादर कशी घालायची ते दाखवलं, आणि कोरी शंभर पानी वही त्याच्या खुंटीला टांगून आलो.